बाबांची नीळ

मागच्या उन्हाळ्यात आई गच्चीच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या उजव्या हाताला प्लास्टर लागलं. मी सुट्टी टाकून अमरावतीहून अकोल्याला गेले, तर ती पलंगावर बसून हातापेक्षा कपड्यांचीच काळजी करत होती. बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली, आणि विहारात घालून जायचे आमचे पांढरे कपडे कपाटात पडून पडून पिवळट झालेले.

"मी धुतो," बाबा म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघतच राहिलो. बाबांनी बार्शीटाकळीच्या एका कचेरीत जन्मभर नोकरी केली. रोज पांढराशुभ्र शर्ट घालून गेले, पण तो शुभ्र कसा होतो याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. मी उठायला लागले तर म्हणाले, "तू पाहुणी हायेस. बस तुह्या मायजवळ."

पांढरे कपडे आई मशीनमध्ये टाकत नाही. त्यामुळे बाबा पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून मोरीत पाटावर बसले आणि आईनं पलंगावरून सूत्रं हातात घेतली.

"कॉलर घासा! हळू घासा, शर्ट हाय तो, बैल नोहे!"

"मले नको शिकवू."

"आता नीळ. बादलीभर पाण्यात थेंब थेंब टाका!"

नेमका तेव्हाच कुकर शिट्ट्या द्यायला लागला. बाबांना 'नीळ' आणि 'टाका' एवढंच ऐकू आलं. त्यांनी टबातल्या कपड्यांवर अर्धी बाटली सरळ ओतली, कपडे पिळले आणि गच्चीवर नेऊन टाकले.

अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन. मी चहा पिऊन वर गेले तोवर कपडे पापडासारखे कडक. बाबांच्या शर्टावर छातीशीच निळा डाग, माझ्या कुर्त्यावर पाठभर शिंतोडे, आणि आईच्या साडीच्या पदरावर तर कुणी दौत सांडल्यासारखं झालेलं.

मी सगळं खाली आणलं. आईनं डाव्या हातानं पदर उलगडून पाहिला. मग म्हणाली, "अवो, हे काय करून ठेवलं?"

"पांढरंच करून राहिलो होतो," बाबा हळूच म्हणाले.

लिंबाच्या पाण्यात बुडवून पाहिलं. डाग फिके झाले, गेले नाहीत. पुन्हा पुन्हा खळबळायला पाणीही नव्हतं. ड्रमनं तळ गाठला होता आणि नळ पौर्णिमा झाल्यावर येणार होता. कशीबशी एक बादली उरली. बाबा त्या बादलीकडे बराच वेळ बघत राहिले.

"सगळंच निळं करू," ते म्हणाले.

आई आधी चिडली. मग प्लास्टरचा हात सांभाळत उठली आणि मोरीच्या दारात खुर्ची टाकून बसली. "बाटली इकडं धरा. मी सांगतो तवाच थेंब टाका." बाबा मान खाली घालून एकेक थेंब टाकत होते, काडीनं ढवळत होते, पुन्हा तिच्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्या दोघांना एका कामाला असं लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. कपडे निघाले ते एकसारखे आभाळी.

विहारात सगळीकडे पांढरंच पांढरं, आणि मधल्या ओळीत आम्ही तिघं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी वाकून विचारलं, "काहून वो वहिनी, आज निळं?"

आई बोलायच्या आत बाबा ताठ झाले. "निळा आपलाच रंग हाय ना?"

"हो भाऊ, हे बाकी खरं," म्हणत काकूंनी आईचा पदर हातात घेऊन पाहिला. "छान दिसून राहिला."

वंदना सुरू झाली. शेजारी आईचा खांदा थरथरतोय असं मला जाणवलं. हात दुखत असेल म्हणून मी वाकून बघितलं, तर ती ओठ दाबून हसत होती. मग मलाही आवरेना. बाबा डोळे मिटून, हात जोडून अगदी गंभीर. फक्त त्यांचे कान लाल झाले होते.

पुढे प्लास्टर निघालं, पण धुणं काही आईकडे परत आलं नाही. ती मोरीत गेली की बाबा म्हणतात, "तुले जमत नाही. रंगीत कपडे उलटे करून वाळवा लागते." मग आई दारात चहा घेऊन बसते आणि चुका काढते.

परवा दुपारी बाबांचा फोन आला. "तुहा जांभळा कुर्ता राहिला इथं. त्याचा रंग जाते का?"

"जातो बाबा. वेगळा धुवा."

मग मागून आईचा आवाज आला, "आता इचारून राहिले! माही पांढरी चादर पाहा आधी!"