कनेक्शन ज्याच्या नावावर

एका बाईचं गुपित माझ्या हातून फुटलं आणि त्यानंतर मी तिला खोटं कारण सांगितलं. पाच वर्षं मी हे कुणाजवळही बोललो नाही, पत्नीजवळदेखील नाही.

परंड्यात मी इंटरनेटची कनेक्शनं देतो. आधी केबल टीव्हीच्या तारा ओढत असे; पुढे त्याच खांबांवरून फायबर नेली. स्टँडमागच्या माझ्या छोट्या ऑफिसात एक संगणक आहे. कोणत्या घरातलं नेट चालू आहे, कुठलं बंद, हे त्यावर दिसतं. त्या काळी मी अशीही सोय करून ठेवली होती, की कोणत्या घरातून कोणत्या साइट उघडल्या त्यांची यादी दिसावी. आत कोण काय लिहितं ते कळत नसे, नुसती नावं दिसत. नावांनी कुणाचं काय बिघडणार, असं मला वाटे.

एक निवृत्त ग्रामसेवक सकाळी चहाला माझ्याकडे येत. मी त्यांना अण्णा म्हणे. त्यांचा एकुलता मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. घरात ते, त्यांची निरक्षर पत्नी, विधवा सून आणि शाळकरी नात. नातीच्या अभ्यासासाठी कनेक्शन घेतलेलं, अण्णांच्या नावावर.

"का रं, तुझं नेट हाय का येरमाळ्याची यष्टी?" त्या दिवशी ते आल्या आल्या म्हणाले. "येतंय कवा, जातंय कवा, पत्त्याच न्हाय!"

बसलेली दोन-तीन माणसं हसली. मला ते लागलं. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"लाइनीत खोट न्हाय, अण्णा. हे बघा, काल दुपारभर तुमच्याकडं चालूच होतं."

त्यांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीखाली बोट ठेवत वाचू लागले. एका नावापाशी बोट थांबलं.

"ह्ये कशाचं?"

"लग्नं जुळवायचं दिसतंय," मी हसत म्हणालो. "पुनर्विवाहवाल्यांचं."

शब्द तोंडातून गेल्यावर मला त्यांचा अर्थ कळला. 'जाहिरातीतून आपोआप उघडतं असलं काहीबाही,' एवढं एक वाक्य मी तेव्हाही बोलू शकलो असतो. बोललो नाही. मला माझी लाइन निर्दोष ठरवायची होती, आणि ती ठरली होती. शिवाय कनेक्शन ज्याच्या नावावर, त्यालाच तर दाखवलं, अशी मी मनाची समजूत घातली.

"उद्या तोडून टाक," म्हणून अण्णा उठले. चहा त्यांनी घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तार काढत असताना त्यांची सून दारात आली.

"काका, का काढताय? आत्ता तर चालू होतं."

"फॉल्ट हाय, ताई. वरूनच."

"मग पाचच मिनिटं थांबा की. एक निरोप धाडायचाय."

मी थांबलो नाही. खाली मान घालून तार गुंडाळली.

पुढे कळलं, अण्णांनी तिचा फोनही काढून घेतला. बार्शीकडच्या कुणाशी तिची बोलणी चालली होती, ती तिथेच तुटली. त्या साइटवर नाव घालायला तिच्या नणंदेने, अण्णांच्या जळकोटला दिलेल्या मुलीने, मदत केली होती. दुसऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. त्यामुळे बापाला सांगणारी तीच, असं सुनेने धरलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं. माझ्या पत्नीने हे मला जेवताना सांगितलं. त्याच आठवड्यात ती यादी दिसण्याची सोय मी कायमची बंद केली, पण तोंडही तसंच बंद ठेवलं.

यंदा उन्हाळ्यात अण्णांची सून ऑफिसात आली. आता एका दवाखान्यात नोकरी करते, मुलीला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तिला स्वतःच्या नावावर कनेक्शन हवं होतं. मी अर्ज भरू लागलो.

"काका, एक विचारू? मी काय बघते ते तुम्हाला इथं दिसतं का?"

"आता न्हाय दिसत."

"आता म्हंजी? आधी दिसायचं?"

माझा हात थांबला. काहीतरी सांगून विषय टाळणं मला जमलं असतं. इतकी वर्षं मी तेच करत आलो होतो.

"दिसायचं," मी म्हणालो. "अण्णांना ती यादी मीच दाखवली, ताई. याच टेबलावर. फॉल्ट-बिल्ट काही नव्हता. तुमच्या नणंदेनं कुणाला एक शब्द सांगितला न्हाय."

तिने अर्ज बाजूला सारला.

"तिच्या लेकराच्या बारशालासुद्धा मी गेले न्हाय," ती म्हणाली. "तिनं किती फोन केले. एकदा दारात येऊन रडली. मी कडी काढली न्हाय."

मी उठून उभा राहिलो. वयाने ती माझ्या मुलीएवढी. पण बसून बोलण्याचा मला अधिकार उरला नव्हता.

"चूक तुमची न्हाय, त्यांचीबी न्हाय. माझी हाय. तुमचं जे होतं ते मी दुसऱ्याला दाखवलं, आणि नंतर भिऊन गप बसलो. म्हणाल तेव्हा जळकोटला येऊन त्यांच्यासमोर हेच सांगीन. मला माफ करा, ताई."