लिंबं तशीच राहिली

आमच्या भागात मागे पळालेल्या जीपचा किस्सा ज्यांना माहीत आहे, त्यांनी तो माझ्याकडून ऐकला असेल, नाहीतर माझ्याकडून ऐकलेल्या कुणाकडून तरी. वर्षानुवर्षं मी तो सांगत आलो. किस्सा खरा आहे, फक्त त्यातला माणूस चुकीचा आहे. आता फार वेळ लिहायला बसवत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. पण एवढं लिहून ठेवतो.

वारूळवाडीत रस्त्याकडेला माझं वेल्डिंगचं शेड होतं. पोटासाठी ग्रिल, ट्रॉल्या, गोठ्यांच्या जाळ्या करायचो. पण शेडच्या मागच्या भागात कायम काहीतरी वेगळं चाललेलं असायचं. नव्वदच्या दशकात आम्हा चौघांना गाड्या जुळवायचा नाद होता. म्हणजे भंगारातली चेसिस, दुसरीकडचं इंजिन, चाकांना जोडणारा तिसरीकडचा ॲक्सल असं गोळा करायचं आणि त्यातून एक पळणारी गाडी उभी करायची. घरचे त्याला रिकामपणाचे उद्योग म्हणत. चूक म्हणत नव्हते.

चौघांत एक मी. दुसरा एस.टी. डेपोत मेकॅनिक होता. तो माझा लहानपणापासूनचा मित्र, आणि हे सगळं लिहिणं त्याच्यासाठी आहे. तिसरे हार्डवेअरचे दुकानदार, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन नारायणगावात दुकान टाकलं होतं. चौथा आणे गावच्या पठारावरचा शेतकरी. लांबून यायचा म्हणून त्याचं नावच पावणं पडलं. त्यानं मोटरसायकलला पंपाचं डिझेल इंजिन बसवलं होतं.

"पावणं, तुमच्या गाडीवर बसलं की दात घासायला नको," मित्र म्हणायचा. "आपसूक सगळे हालून निघत्यात."

"हालत आसतील, पर पोचतोय ना? शेठची गाडी तर उंबरा वलांडत न्हाई. देव्हाराच हाय नुसता. पुसायचं आन् हात जोडायचे."

शेठची एक जुनी मोटरसायकल होती, आरशासारखी चकचकीत. ते शांतपणे म्हणायचे, "देवच रस्त्यावर हिंडायला लागला तर देवळात कोण येईल?"

असं चालायचं. चहा यायचा, कुणीतरी पाना हरवायचा, मग तो कुणी नेला यावरून भांडण. त्या शेडमध्ये आम्ही जितके हसलो तितके नंतर कुठेच हसलो नाही.

मित्राचा हात वेगळा होता. डेपोत अडलेला गिअरबॉक्स त्याच्याकडेच यायचा. गाडी जुळवताना तो प्रत्येक भागावर खडूनं लिहायचा, डावा, उजवा, वर, खाली. एकदा त्यानं लिहिलं की दुसऱ्यानं विचार करायचा नाही, तसंच बसवायचं. आमच्यात हा नियमच होता.

त्यानं लिलावातली एक मोडकी जीप आणली. तिला टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं, मागचा ॲक्सलही टेम्पोचाच. टप काढून टाकला, काच पुढे आडवी पाडली, रुंद टायर लावले आणि सायलेन्सर बाजूनं वर काढला. ती खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेबरोबर पुजायची आणि मग पहिला गिअर टाकायचा असं ठरलं होतं. हीसुद्धा आमची रीत. पूजेआधी इंजिन चालू करून बघायचं, पण गाडी हलवायची नाही. पहिल्यांदा चाकं फिरणार ती लिंबांवरूनच.

नवमी जवळ आली आणि अवसरी बुद्रुकला त्याचे मामा वारले. त्याला जावं लागलं. जाताना मला म्हणाला, "ॲक्सलवर ‘वर’ लिवलंय. स्प्रिंग टेकायच्या बैठका तेवढ्या वेल्डिंग कर आन् बसवून टाक."

मी ॲक्सल खाली लावून बघितला. इंजिनकडून येणारा शाफ्ट चेसिसच्या आडव्या पट्टीला घासत होता. त्या ॲक्सलचं शाफ्टकडचं तोंड जरा वरच्या अंगाला होतं. मी ॲक्सल पालथा धरून पाहिला, तर तोंड खाली गेलं आणि शाफ्ट मोकळा फिरायला लागला. मला फार आनंद झाला. जे त्याला सुचलं नाही ते मला सुचलं. तो आला की दाखवू, असं म्हणत मी राकेलच्या फडक्यानं त्याचं ‘वर’ पुसलं आणि बैठका दुसऱ्या अंगाला वेल्डिंग केल्या.

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ॲक्सल पालथा बसतो, घट्ट बसतो, काही खटकत नाही. फक्त चाकं उलटी फिरतात. पहिला गिअर टाकला की गाडी मागे जाते, आणि रिव्हर्स टाकला की पुढे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलंच नाही.

मित्र परत आला तेव्हा वरचा सांगाडा चढलेला होता. त्याचं डोकं भादरलेलं, चेहरा उतरलेला. गाडीखाली जायचं त्राण त्याच्यात नव्हतं. "झालं का?" एवढंच त्यानं विचारलं. मी "झालं" म्हणालो. शाफ्टची गंमत पूजा झाल्यावर सांगायची असं मी ठरवलं होतं.

नवमीला निम्मं गाव जमलं. डेपोतले लोक आले. झेंडूचे हार, नारळ, पुढच्या चाकांखाली लिंबं. मित्र बसला, सगळ्यांकडे बघून हसला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. जीप जोरात मागे गेली. टोमॅटोच्या क्रेटची थप्पी पाडली आणि तिच्यामागे पूजेपुरती आणून उभी केलेली शेठची मोटरसायकल आडवी केली. लिंबं तशीच राहिली.

माणसं पोट धरून हसली. मीही हसलो. खरंच हसू आलं, आणि हसता हसताच काय झालंय ते ध्यानात आलं.

मित्र गाडीखाली शिरला. मीही वाकलो. ॲक्सलचं तेल काढायचा नट खाली असायला हवा, तो आभाळाकडे तोंड करून होता. त्यानं त्यावर हात फिरवला. खडूची खूण शोधत असावा. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मीच उलटं लिवलं का रं?"

मी म्हणालो, "गडबडीत व्हतं कधी कधी."

बस, एवढंच. त्यानं मान हलवली आणि बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाला, "माझं चुकलं. मामाच्या नादात लिवताना इस्कोट झाला."

दोघांनी मिळून बैठका कापल्या, ॲक्सल सरळ केला; शाफ्टला आड येणारी पट्टी मी त्याच्या नकळत जरा खाचली. जीप छान पळाली. तिच्यातून बाजारात माल गेला, नवरदेव मिरवले. तिला कसली खोट उरली नाही. पण किस्सा राहिला, आणि तो मीच मोठा केला. "आमचा दोस्त आण्याला निघाला आन् पुण्याला पोचला," हे वाक्य माझं; दोन्ही गावं आमच्यापासून उलट दिशांना. लोकांनी मागितलं की मी सांगायचो, दर वेळी थोडं तिखट-मीठ लावून. मित्र शेजारी बसून हसायचा. आपणच हसवत राहिलो तर कुणी विचारणार नाही, असं मला वाटत असावं. नक्की काय वाटत होतं ते आता सांगता येत नाही.

त्यानं पुन्हा गाडी जुळवली नाही. पावणं म्हणायचा, "राव, माझ्या इंजिनाला हात लावा की," तर तो हात झटकायचा, "माझा भरवसा न्हाई." डेपोत त्याला विचारत, "बस पुढंच जाईल ना?" चेष्टाच होती. पण त्यानं गिअरबॉक्सचं काम सोडून टायरचं मागून घेतलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "टायर कसाबी लावला तरी फिरतो."

एकदा त्याची बायको मला म्हणाली, "भाऊजी, ह्यांना जरा समजावा. कुलूप लावलं तरी निम्म्या रस्त्यातनं माघारी येत्यात. म्हणत्यात, माझ्या हातानं झालंय म्हणजे बघितलं पायजे." मी समजावतो म्हणालो. काय समजावणार होतो?

तो निवृत्त झाला तेव्हा डेपोत निरोपाचा कार्यक्रम होता. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो तसे मागून लोक ओरडले, "जीप! जीप!" आणि मी सांगितला. तिथे, त्याच्या गळ्यात हार असताना सांगितला. ‘पुण्याला पोचला’सुद्धा म्हणालो. टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी तोच हसला, आणि हसताना खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. ओट्यावर बसून तो शिलाई मशीनला तेल घालत होता.

"ॲक्सल मी पालथा घातला व्हता," मी म्हणालो. "तू लिवलेलं बराबर व्हतं. मी पुसलं."

तो मशीनचं चाक फिरवत राहिला. मग म्हणाला, "का?"

"शाफ्ट घासत व्हता. वरच्या पट्टीला."

"किती?"

"बोटभरबी न्हाई."

"मंग स्प्रिंगखाली पॅकिंग टाकायची. एवढं सुचलं न्हाई तुला?"

"मला तुला दाखवायचं व्हतं."

तेव्हा त्यानं वर पाहिलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी लई वर्सं त्या खडूचा इचार केला," तो म्हणाला. "कुठल्या बाजूला उभा व्हतो, कुठला हात व्हता. पार डोकं फिरायची पाळी आली." मग चिंधीला हात पुसले. "जा आता. ज्या तोंडानं सांगत व्हतास, त्याच तोंडानं सांग सगळ्यांना."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला शेडमध्ये मी सांगितलं. शेड तोवर दुसऱ्याला चालवायला दिलं होतं, पण पूजेला आम्ही जमायचो. डेपोतले काही जण तोवर गेलेले, गावातले कितीतरी पांगलेले. ऐकायला उरलेले थोडे.

शेठनी चष्मा काढला. "म्हणजे माझ्या गाडीची टाकी तू चेपलीस? आणि मी याच्याशी महिनाभर अबोला धरला?"

"शेठ, देवाला पोचा आला म्हणून का आसं बोलायचं?" पावणं म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "लेका, एवढी वर्सं आमी चुकीच्या माणसाला हसलो. आता तुला पयल्यापास्नं हसायचं, तर तेवढं वय तरी राह्यलंय का?"

हसले सगळे. मित्रही हसला, या वेळी मान वर करून. मला वाटलं, झालं. फिटलं.

पावण्यानं स्कूटरचं इंजिन लावून औषध फवारायची तीनचाकी केली होती. हार घातले, लिंबं मांडली. तो मित्राला म्हणाला, "आता तरी बघता का, राव? तुमी बघितल्याबिगर आज गिअर टाकत न्हाई."

मित्रानं बाह्या वर सारल्या. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसला. रीत मोडून आम्ही मागची चाकं जॅकवर उचलली, पावण्यानं गिअर टाकला आणि क्लच सोडला. चाकं फिरली, बरोबर फिरली. मित्रानं हात वर करून थांबवायला सांगितलं. मग पुन्हा फिरवायला लावली. मग आणखी एकदा.

"बराबर हाय की रं," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

"मंग?"

"आता सवय लागली. ती काय तुझ्या सांगण्यानं जाती व्हय?" रागानं नव्हे, दमलेल्या आवाजात म्हणाला. आणि पावण्याला खूण केली, अजून एकदा.

चाकं फिरत होती. लिंबं तशीच होती. आम्ही सगळे उभे राहिलो, त्याचं होईपर्यंत.