माती चाखणारा

आमच्या डोंगरीच्या मित्राइतकी माती पोटात गेलेला माणूस अख्ख्या साष्टीत दुसरा झाला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. लहान मुलं खातात तशी नव्हे हं! हा गृहस्थ चिमूटभर उचलायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. माझ्या बहिणीच्या लग्नात पंगत बसली तरी हा आपला मांडवाच्या खांबाशी उकिडवा. मग उठला आणि थेट व्याह्यांना म्हणाला, "नवरानवरीला जरा सरकवा, ही भोपळ्याची जागा हाय!" ते व्याही आजही त्याला वैदू समजतात.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघं एकाच कॉलेजात होतो. कॉलेज कसलं, डोंगराच्या पायथ्याशी दोन कौलारू खोल्या आणि एक विहीर! जमीन, पाणी आणि रान कसं राखावं, हे तिथे शिकवत. विद्यार्थी मोजून अकरा. मी भाईंदरच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण पाठांतरात पक्का. त्याचं आणि पाठांतराचं वाकडं. पुस्तकात खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांच्या झाडांवर चार ओळी होत्या, त्या काही त्याला शेवटपर्यंत आल्या नाहीत. सुट्टीत घरी आला की मात्र पावसाळ्यात दर रविवारी कोटाचे दोन्ही खिसे तिवराच्या बियांनी फुगवून चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायचा आणि येताना एकेक बी चिखलात खोचत यायचा. देवळात चिखल होतो म्हणून पाद्रीबाबांनी बूट बाहेर काढायला लावले, तर पठ्ठ्या पुढच्या रविवारी अनवाणीच हजर.

परीक्षेत तर त्याने कहर केला. मातीचे नमुने ओळखायचे होते. आम्ही बाकीचे काचेच्या नळ्या हलवत बसलो, याने नमुना सरळ तोंडात टाकला.

"नमुना कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"खाल्ला, साहेब. खारी हाय."

उत्तर बरोबर होतं, तरी नापास! मी पहिला आलो. आम्ही दहाजण त्यावर महिनाभर हसलो, आणि तोही आमच्याबरोबर हसला.

पुढे लढाईत रॉकेल मिळेना, जळणाची मारामार झाली. आमच्या शिवारात खाडीचं पाणी अडवणारा बांध होता आणि त्याचा एकेक तुकडा एकेका घराने सांभाळायचा, अशी रीत होती. आमच्या तुकड्यापुढे तिवरं सगळ्यांत दाट. बांधाच्या आत गावाची भातशेती आणि त्यातच, आमच्या तुकड्याला लागून, या मित्राची आजोळहून आलेली दोन खाचरं. गावच्या बैठकीत सगळ्यांसमोर वडिलांनी मला विचारलं, "तू शिकलायस. तिवरं तोडली तर चालतंय का?"

"न्हाय!" हा मागून ओरडला. "ती हायत म्हणून बांध हाय!"

त्या चार ओळी मला तोंडपाठ होत्या हो! त्यांतही हेच लिहिलं होतं. पण वडिलांना होकार हवा होता आणि सारा गाव माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "तोडा. त्याचं काय ऐकता, तो नापास झालाय." लोक हसले. या वेळी तो हसला नाही.

आठवड्याभरात आमच्या तुकड्यापुढची तिवरं जळणाला गेली. नारळी पौर्णिमेच्या उधाणाला भर दुपारी बांध फुटला, आमच्याच तुकड्यात. गावाचं उभं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर तो आला. मी शिव्या खायच्या तयारीने उभा होतो. त्याने आपल्या खाचरातली चिमूटभर माती माझ्या तळहातावर ठेवली.

"तू पास झालेला. तूच सांग."

जन्मात पहिल्यांदा मी माती चाखली. "खारी," एवढंच कसंबसं म्हणालो.

"बरोबर," तो म्हणाला आणि खिशातल्या निम्म्या बिया माझ्या हातात दिल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्या बांधापुढे वाकून बिया खोचत होतो.

त्याच्या खाचरांत पुन्हा भात झालं नाही. पोटासाठी तो दूर निघून गेला; पत्ता त्याच्या घरी आहे. तिवरं आता माझ्या खांद्याला लागतात. ती बघायला त्याला बोलवावं म्हणून दरवर्षी पत्र लिहायला बसतो, आणि "माझं चुकलं" यापुढे काही सुचत नाही. तेवढंच लिहून धाडायला हवं होतं.