पिशवी नसलेले गुंडेरावअण्णा

गुंडेरावअण्णांच्या पंगतीत ‘पुरे’ हा शब्द चालत नसे. ताटावर हात आडवा धरला तर ते बोटांच्या फटीतून भाज्यांची पातळ भज्जी ओतत. उभी हयात एस्टीत कंडक्टर म्हणून गेली. निवृत्त होताना आवाज आणि हुकूम तेवढे घरी घेऊन आले. “पोट म्हंजे एस्टी हाय,” ते वाढता वाढता ओरडत. “भरली म्हणायची सोय न्हाय. सरका, अजून दोघं बसतेत!”

लोहाऱ्यात आमची घरं शेजारी होती. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला ‘बाई’ म्हणत, आणि मी अंगानं बारीक आहे हा स्वतःचा अपमान समजत. त्यांच्या बायकोला, सुलोचनाकाकूंना, वर्षभर एकच काम : अण्णांनी किती माणसं बोलावली असतील याचा अंदाज बांधणं. तो नेहमी चुके, कारण वाटेत भेटलेल्या कुणालाही अण्णा जेवायला घेऊन येत.

अशा माणसाच्या पोटात खडे निघाले. सोलापूरला ऑपरेशन झालं, पित्ताची पिशवीच काढून टाकली. निघालेले खडे एका छोट्या बाटलीत घालून मिळाले. ती बाटली अण्णांनी टीव्हीशेजारी ठेवली आणि भेटायला येणाऱ्यांना चहाबरोबर दाखवली. “जीव काढला हुता ह्येंनी. आता पिशवीच न्हाय, तर खडा कुठनं येतोय?” गल्लीला हा हिशेब लगेच पटला.

डॉक्टरांनी बजावलं होतं : थोडं थोडं खा, तेलतूप बेतानं. अण्णांनी त्यातलं ‘खा’ एवढंच ऐकलं. मग जेवण झालं की हात धुवायच्या आधी संडास गाठायची वेळ येई. त्याचं कारणही त्यांनीच शोधलं. “बाई, पित्त म्हंजे गाड्या बगा. आदी त्येंला डेपो हुता. जेवण आलं की गाडी सुटायची. आता डेपोच पाडला. गाड्या बिनटायमाच्या फिरत्यात, अन् समद्या खालीच जात्यात.” कुणाच्या लग्नाला गेले तर आधी ‘सोय’ कुठं आहे ते बघत, आहेर नंतर.

वर्षानुवर्षं त्यांच्या हातून जबरदस्तीनं जेवलेल्या गावाला आता संधी मिळाली होती. “अण्णा, पोटाचं कारण सांगू नका,” हे त्यांचंच वाक्य त्यांच्या ताटात येऊन पडे, वर तुपाची धार. दुसऱ्याला नाही म्हणू न देणाऱ्या माणसाला स्वतःला नाही म्हणताच येत नव्हतं.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. शेताशेतात कडब्याची खोप, तिच्यात पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वाटेनं जाणाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, हा रिवाज. मी अण्णांच्या शेतात पोचले तेव्हा ते काळा गॉगल लावून वाढत होते. भर दुपारी अंगात स्वेटर.

“अण्णा, गॉगल कशाला?”

“ऊन लागतंय, बाई.”

“खोपीत कुठलं ऊन?”

“मग फ्याशन हाय म्हणा की!”

पण एका हातानं वाढताना दुसऱ्या हातानं त्यांनी उजवी बरगडी दाबून धरली होती. तेवढ्यात काकू आल्या आणि त्यांनी सरळ गॉगल ओढून काढला. “अगं बया! डोळं हायती का हळकुंडं?” अंगाला हात लावला तर चटका बसला. स्वेटरच्या गळ्यातून काड्यांची माळ बाहेर लोंबली. काविळीची माळ. शेजारच्या गावातून गुपचूप आणलेली. कावीळ उतरेल तशी ती लांबत जाते म्हणतात. अण्णा तिला अधूनमधून ओढून मदत करत होते.

“येळवस हू द्या म्हणलं,” ते पुटपुटले. “माणसं बोलवलीती.”

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं. डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली कळ आली, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. अण्णांकडं तिन्ही लक्षणं होती.

शेजारच्या शेतात आमच्या गल्लीतल्या बालाजीची जीप उभी होती. अण्णांना धरून आम्ही तिथं गेलो, तर तो पंगतीत बसला होता.

“बालाजी, सोलापूरला निघायचंय. आत्ता.”

“निघू की, बाई. आदी बसा. दोन घास खावा.”

“अरे, अण्णांना कावीळ झालीय, ताप आहे!”

“म्हणून तर म्हणतो, उपाशी कसं न्यायचं? ए, अण्णाला आंबील द्या रे!”

सगळं शेत उठून आग्रहाला लागलं. कुणी पत्रावळ मांडली, कुणी माझा हात धरला. आणि कुडकुडणारे अण्णा मलाच म्हणाले, “बसा बाई. त्येंला वाईट वाटल.”

तिथं पंगत झालीच असती. पण काकूंनी एक भरलेलं ताट उचललं आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. “समद्यांच्या वाटचं म्या खाते. पर आदी चाकं फिरू द्या!” येळवशीचा मान राहिला आणि जीप सुटली. सोलापूर येईपर्यंत काकू रडत रडत उंडे खात होत्या.

“पिशवी काढली, तरी पित्ताची नळी असतेच,” तिथले डॉक्टर म्हणाले. “एक खडा त्या नळीत अडकलाय. मागं पित्त तुंबलंय आणि त्यात जंतू वाढलेत. अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही हे.”

अण्णांनी डोळे अर्धवट उघडले. “म्हंजे घाटात गाडी बंद पडली, अन् मागं समदी रांग.”

“अगदी तसंच.”

“मग घ्या की बाजूला. म्या खाली उतरून हात दावू का?”

डॉक्टर हसले, पण जगण्याची खात्री द्यायला तयार नव्हते. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी खडा काढला आणि वाट मोकळी राहावी म्हणून आत बारीक नळी ठेवली. ती काढायला पुन्हा यायचं होतं. ताप उतरायला वेळ लागला. तो उतरला आणि अण्णा उठून बसले, तेव्हा कुठं काकूंना राग आला.

“एवढ्यांला जेवू घातलं तुमी. त्यातल्या येकानं बी म्हणलं का, अण्णा, ऊठ, घरी जा? समद्यांनी वाढलंच.”

 

त्यानंतर ते वाढायचे थांबले, असं काही नाही. फक्त वाढायच्या आधी ते माणसाच्या डोळ्यांत बघू लागले. नवखी माणसं दचकत.

माझी ईट गावाला बदली व्हायच्या थोडं आधी काकूंच्या भाचीचं लग्न लोहाऱ्यात झालं. नवऱ्या मुलाचे थोरले चुलते सोनारीहून आलेले, मोठ्या मानाचे. पंगतीत पहिलं ताट त्यांचं. अण्णा बुंदीची बादली घेऊन त्यांच्यासमोर वाकले आणि त्यांचे पिवळट डोळे बघून तसेच थांबले.

“पाव्हणं, पित्ताची पिशवी काढली का तुमी?”

“व्हय. गेल्या साली. का?”

“थंडी वाजती?”

“सकाळधरनं वाजतीया जरा. प्रवासाचा शीण आसंल.”

अण्णांनी बादली खाली ठेवली, पाव्हण्यांच्या बखोट्याला धरलं आणि त्यांना भरल्या ताटावरून उठवलं.  मग वरपक्ष उसळला. आमच्या माणसाला पानावरून उठवता? पोरगी द्यायची नव्हती तर आधीच सांगायचं! मुलीचा बाप हात जोडून अण्णांना विनवू लागला. अण्णांनी कुणाकडंही पाहिलं नाही. “मागनं भांडा. बालाजी, जीप काढ. अन् कुणी जेवायला बसा म्हणलं तर चाक घाल त्येच्या अंगावरनं!”

पाव्हण्यांच्या नळीतही खडा होता. वेळेवर निघाला, आठवड्यानं ते चालत घरी गेले.

पानावरून उठवल्याचा राग मात्र त्यांनी सोडला नाही. आजही ते लोहाऱ्यात आले तर अण्णांच्या दारावरून मान वळवून जातात. मला याचं वाईट वाटे. एकदा मी तसं म्हणालेही.

“वाईट कशाचं, बाई?” अण्णा म्हणाले. “रुसायला माणूस जित्ता हाय न्हवं?”