डावं दार

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘जुनी गाडी, एकच मालक, एकही अपघात नाही.’ मेकॅनिक गोरेंना घेऊन बघायला गेलो. मालक वारले होते. त्यांच्या पत्नीनेच गाडीवरचं कापड काढलं. गोरेंनी पत्र्यावर लोहचुंबक फिरवलं. पुढच्या डाव्या दारावर ते चिकटेना.

“बाई, हे दार चांगलंच चेपलं होतं. वरून पुट्टी भरून रंग दिलाय.”

“शक्य नाही. यांनी मला सांगितलं असतं.”

गोरेंनी लोहचुंबक खिशात टाकलं. आम्ही गाडी पारखायला आलो होतो आणि हात भलतीकडेच लागला होता. माणूस गेल्यावर त्याने लपवलेलं काही सापडलं, तर विचारायचं कुणाला?

बाई त्या दारावरून बोटं फिरवत राहिल्या.

“यांच्या शेजारी तेव्हा कोण बसलं होतं, तेही कळतं का हो?”