पोत्यावरचा गोल

देवळीला बाबांची ढेपेची लहानशी मिल आहे. सरकीचं तेल काढल्यावर उरते ती ढेप, गाईम्हशींचं खाणं. आमच्या पोत्यावर पांढऱ्या बैलाचं तोंड आणि त्याच्या शिंगाला लाल गोंडा, एवढंच चित्र. ज्याला अक्षर वाचता येत नाही तोही दुकानात येऊन ‘गोंडेवाली द्या’ म्हणतो. हे चित्र कायद्याने कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नव्हता.

मागच्या पोळ्यानंतर एका मोठ्या मिलच्या वकिलाची नोटीस आली. बैल आणि लाल गोंडा हे आमचं रजिस्टर केलेलं चिन्ह आहे, तुम्ही ते वापरणं बंद करा, असं त्यात होतं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! त्यांची मिल निघाली तेव्हा आमची पोती समुद्रपूरपर्यंत जात होती. बाबांनी ती नोटीस माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. मिलचं काम मीच बघते, त्यामुळे धावपळही माझ्याच गळ्यात पडली.

वर्ध्याच्या वकीलसाहेबांनी शांतपणे समजावलं. ज्याचं चिन्ह रजिस्टर आहे त्याने सर्टिफिकेट पुढे केलं की हक्क दिसतो, आणि तो देशभर चालतो. रजिस्टर नसलेल्यालाही हक्क असतो, वापराने आलेला, पण तो त्याला दर वेळी सिद्ध करावा लागतो. चिन्ह आपण आधीपासून सतत वापरतो, लोक त्यावरूनच आपला माल ओळखतात, हे सगळं दाखवायचं.

“त्यांच्या आधीपासून वापरत असाल तर ते तुम्हाला थांबवू शकत नाहीत,” ते म्हणाले. “पण पुरावा आणा.”

पुरावा कुठला आणायचा? आमच्या बिलांवर नुसतं ‘ढेप’ लिहिलेलं. उरली जुनी पोती. म्हणून मी एसटीने गावोगाव फिरले. कोणाकडे आमचं पोतं न्हाणीला पडदा म्हणून टांगलेलं, कोणाकडे मिरच्या वाळवायला पसरलेलं. नवीन पोतं द्यायचं आणि जुनं घ्यायचं. लोक हसायचे, ढेप सोडून आता चिंध्या गोळा करता का म्हणायचे. पण एका म्हातारीने पोतं हातात देऊन सांगितलं की हे तिच्या गोठ्यावर टिनं चढली त्या साली, म्हणजे ती मोठी मिल निघण्याच्या आधी आलं, आणि ती तसं कोर्टात लिहून देईल. त्या दिवशी मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

वकीलसाहेब पोती पाहून खूश झाले. मग गोंड्याच्या बाजूला बोट ठेवून थांबले. तिथे छोट्या गोलात इंग्रजी आर छापलेला होता. सगळ्याच पोत्यांवर होता. चिन्ह रजिस्टर नव्हतं तर हा गोल कसा, त्यांनी विचारलं. टीएम ही अक्षरं कोणीही लावू शकतो, पण हा गोल फक्त रजिस्टर झालेल्याचा. तसं नसताना छापणं गुन्हा आहे, शिक्षासुद्धा होऊ शकते. माझं तोंड उतरलेलं पाहून ते पुढे म्हणाले, चूक आपण कबूल करू, पण पोती आहेत तशीच कोर्टापुढे गेली पाहिजेत. पुढच्या आठवड्यात घेऊन या.

घरी आल्या आल्या मी बाबांना विचारलं.

“मोठ्या कंपनीच्या पोत्यावर पाह्यला होता,” ते म्हणाले. “छापनारा म्हने, टाकून देतो, शोभून दिसते. मले काय माहीत?”

माझं डोकंच फिरलं. शोभेपायी जेलची पाळी आणली, असं मी बोलून गेले. नंतर पोती तशीच न्यायची आहेत, हेही सांगितलं. पण त्यांच्या कानात जेल तेवढी राहिली असावी.

दोन दिवसांनी म्हातारीची सही घेऊन मी दुपारच्या गाडीने परतले. अंगणात बाबा कापसाच्या गंजीजवळ बसले होते, हातात आईची कात्री. पोती एकावर एक नीट रचलेली, आणि प्रत्येकाला गोंड्याशेजारी एक गोल भोक. कापलेले तुकडे त्यांनी चुलीत टाकले होते. म्हातारीचं पोतं सगळ्यात वर होतं.

मला ओरडायचं होतं. आता ही पोती कोर्टात दाखवली तर पुरावा कापला म्हणतील, आणि न दाखवावी तर आमच्याकडे म्हातारीच्या सहीशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

बाबांनी वर पाहिलं. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा तजेला होता.

“खोटं होतं ते काढून टाकलं,” ते म्हणाले. “गोंड्याले धक्का नाई लागू देला. आता चालंल ना?”

“चालंल, बाबा,” मी म्हणाले, आणि त्यांना जेवायला वाढलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.