रकाना रिकामा ठेवायचा नाही

सुकेशनी नर्सबाईंचा एकच नियम होता: रजिस्टरातला रकाना रिकामा ठेवायचा नाही. वालूरच्या उपकेंद्रात त्यांनी नऊ वर्षं काढली, पण लसीकरणाच्या नोंदीत कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही. ती नऊ वर्षं त्यांचा मुलगा धम्मदीप पूर्णेच्या घरी मोठ्या जावेच्या, बबिताच्या, हाताखाली वाढला. गेल्या साली बदली करून घेऊन बाई घरी आल्या, तर पोरगं चौदा वर्षांचं झालेलं आणि चहासुद्धा मोठ्या आईला मागणारं. सुकेशनीचा नुसता जळफळाट व्हायचा. बबिताची भाजी खारट निघाली तरी तिला दिवसभर बरं वाटायचं.

त्यात धम्मदीपने शाळेच्या जिन्यावर एका मुलाला ढकललं. त्याचा हात मोडला. सरांनी जाब विचारला, तर हा ढिम्म उभा. डोळ्यांत ना भीती, ना पाणी. मुख्याध्यापक म्हणाले, परभणीच्या समुपदेशक मॅडमना दाखवून आणा, मगच वर्गात बसवू.

मॅडमनी प्रश्नावली पुढे ठेवली. या वयात काही मुलांच्या मनात दुसऱ्याच्या दुःखाबद्दल कोरडेपणा दिसतो. तो किती आहे हे घरच्यांच्या उत्तरांवरून जोखायचं, असं त्यांनी समजावलं. दुसऱ्याला लागलं तर याला वाईट वाटतं का? चूक कबूल करतो का? कुणावर माया करतो का? सुकेशनीला पहिल्या दोन्हींतलं काही ठाऊक नव्हतं, पण रकाना रिकामा कसा सोडायचा? माया कुणावर करतो हे मात्र तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ते कबूल करायला तिचा हात धजेना. तिने भराभर ‘कधीच नाही’वर खुणा केल्या.

मॅडमनी बेरीज करून चष्मा काढला. “आकडा फार वर गेलाय. एकाच माणसाच्या उत्तरांवर भिस्त ठेवणं बरं नाही. याला जवळून ओळखणारं आणखी कोणी आहे?”

“न्हाई. मी आई हाय त्याची.”

“मग सध्या हेच शाळेला कळवावं लागेल. ते काय ठरवतील, सांगता येत नाही.”

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर बबिता बसली होती आणि एवढा थोराड धम्मदीप तिच्या खांद्यावर मान टाकून होता. सुकेशनीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पोराचं नाव शाळेतून जाणार, हे त्या रागाहून मोठं निघालं. ती उठली.

“अक्का, आत या. तुमालाच ठाऊक हाय सगळं.” आवाज इतका तुसडा होता की बबिता आधी दचकलीच.

मग सगळे प्रश्न पुन्हा झाले. “त्या हात मोडलेल्या लेकराच्या घरी रोज जायलाय की त्यो. वह्या लिहून द्यायलाय,” बबिता म्हणाली. “लोकांपुढं रडत न्हाई. त्या दिशी घरी येऊन लय रडला, माझ्या मांडीवर.” त्या दिवशी सुकेशनी घरातच होती, बाहेरच्या खोलीत.

आकडा उतरत गेला. तिला हायसं वाटलं आणि बबिताचा हेवाही तेवढाच वाटला.

शेवटी मॅडमनी प्रश्नावली बाजूला ठेवून विचारलं, “आईबद्दल काही बोलतो का?”

बबिताने सुकेशनीकडे पाहिलं.

“सांगा की,” सुकेशनी म्हणाली.

“म्हणतो, मी आवडत न्हवतो म्हणून आईनं मला तुझ्याकडं टाकलं.”